पावलांचा हिशेब आणि चालण्याचा आनंद

शहरांतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत रात्रीं दहाच्या सुमारास अलीकडे एक चमत्कारिक दृश्य दिसूं लागलें आहे. जेवणें उरकलेलीं असतात, अंथरुणें पडलेलीं असतात, आणि घरांतील वडीलधारे गृहस्थ मात्र दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझारा घालीत असतात. कांहीं चिंता लागून राहिली आहे म्हणावें, तर तसें नाहीं. मनगटावरील घड्याळ सांगतें कीं, दिवसाच्या दहा हजार पावलांना अद्याप आठशें कमी आहेत. आणि तीं भरून काढण्याचा हा खटाटोप चालला आहे. गोष्ट ऐकण्यासाठीं ताटकळलेला नातू कोपऱ्यांत पेंगुळतो. वास्तविक याच गृहस्थांनीं सकाळीं टेकडी चढून सूर्योदय पाहिला होता, समवयस्कांबरोबर दोन घटका गप्पा मारल्या होत्या, आणि परततांना भाजीची जड पिशवी घरापर्यंत वाहून आणली होती. परंतु त्या वेळीं घड्याळ घरीं चार्जिंगला लावलेलें होतें. त्यामुळें सकाळचा तो सारा फेरफटका त्याच्या दप्तरीं जमा झाला नाहीं. आणि जें दप्तरीं जमा नाहीं तें घडलेंच नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें!

हें चित्र थोडें रंगविलेलें असलें, तरी पुष्कळ घरांतून तें ओळखीचें वाटेल. व्यायाम मोजण्याचीं साधनें आज सर्वांच्या हातीं आलीं आहेत. पावलें, अंतर, वेग, हृदयाचे ठोके, खर्च झालेली उष्णता, झोपेचे तास, एवढ्या सर्व गोष्टींचा जमाखर्च तीं मांडतात. तीं वाईट आहेत, असें कोणी म्हणणार नाहीं. बैठ्या मनुष्यास उठवून चालावयास लावण्याचें मोठें काम त्यांनीं केलें आहे. प्रश्न एवढाच कीं, मोजमाप हें व्यायामाचें चाकर असावें कीं धनी? या प्रश्नाचें उत्तर चुकलें, तर होणारें नुकसान लहान नाहीं. कारण ज्या व्यायामांत आनंद राहत नाहीं तो फार दिवस टिकत नाहीं, आणि उतारवयांत ज्याची चालण्याफिरण्याची सवय सुटली त्याचें स्वावलंबनही हळूहळू सुटूं लागतें.

प्रथम त्या दहा हजारांच्या आंकड्याचीच जन्मकथा पाहण्यासारखी आहे. अनेकांस वाटतें कीं, हा आंकडा वैद्यकशास्त्रानें प्रयोगांतीं ठरविला असावा. वस्तुस्थिति निराळी आहे. १९६४ सालीं टोकियो येथें ऑलिंपिक सामने झाले, आणि पुढच्याच वर्षीं तेथील यामासा नांवाच्या कंपनीनें अंगावर अडकविण्याचें, पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आणलें. त्याचें नांव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचें मापक’. आपल्याकडे लाखाला जसा स्वतंत्र शब्द आहे, तसा जपानी भाषेंत दहा हजारांना आहे. तो आंकडा ऐकावयास भरदार आणि लक्षांत ठेवण्यास सोपा होता. यंत्राच्या नांवाचा पुढें उपदेश झाला, आणि उपदेशाचा कालांतरानें नियम बनला.

२०१९ सालीं अमेरिकेंतील सुमारें १७ हजार स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय ७२ वर्षें होतें. दिवसाला सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण बरेंच कमी आढळलें. पावलें वाढलीं तसा लाभही वाढत गेला. परंतु सुमारें ७,५०० च्या पुढें तो आणखी वाढतो असें दिसलें नाहीं. असल्या पाहणीवरून कार्यकारणभाव सर्वस्वीं सिद्ध होत नाहीं, आणि तरुणांना तोच आंकडा लागू पडेल असेंही नाहीं. तथापि दहा हजारांची रेषा गांठली नाहीं म्हणून दिवस फुकट गेला, या समजुतीला त्यांत आधार सांपडत नाहीं, हें स्पष्ट आहे.

घड्याळ पावलें कशीं मोजतें, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. त्याला पाय दिसत नाहींत. हालचालींतील फरक टिपणारा एक सूक्ष्म भाग त्याच्या पोटांत असतो. मनगटाला ठराविक लयीनें हिसके बसूं लागले, कीं पाऊल पडलें असें तें अनुमान करतें. त्यामुळें भजनांत टाळ वाजविणाऱ्याच्या खात्यांत न चाललेलीं पावलें जमा होऊं शकतात. उलट बाळाची गाडी दोन्ही हातांनीं ढकलीत मैलभर चालणाऱ्या आईच्या खात्यांतून चाललेलीं पावलेंही गळूं शकतात. हृदयाचे ठोके तें कातडीवर हिरवा प्रकाश टाकून ओळखतें. रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणाऱ्या प्रकाशांत जो फरक पडतो, त्यावरून हा अंदाज बांधलेला असतो. पट्टा सैल असला किंवा हात फार हलला, कीं तो चुकतो. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा काढण्यासाठीं २२० मधून वय वजा करण्याची जी रीत आहे, तीही सरासरीचीच. साठ वर्षांच्या मनुष्याची मर्यादा या हिशेबानें १६० ठरते. परंतु प्रत्यक्षांत एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा, किंबहुना त्याहूनही अधिक, फरक असूं शकतो. हे आंकडे अंदाजापुरते उपयोगी आहेत. त्यांना शेवटचा निवाडा मानणें चुकीचें होईल.

परंतु यंत्राच्या चुका हा गौण भाग झाला. यंत्र अगदीं बिनचूक असतें, तरी एक दोष उरलाच असता. मोजतां येतें तेवढेंच करावें, असा मनुष्याचा कल होऊं लागतो. पावलें मोजणाऱ्यास पोहण्याचा कंटाळा येतो, कारण त्यांत पावलें पडत नाहींत. मुलांबरोबर लगोऱ्या खेळण्यांत वेळ ‘वायां’ जातो. वाटेंत फुललेला पळस पाहण्यासाठीं थांबावें, तर सरासरी वेग घसरतो. अशा रीतीनें व्यायामाचें विस्तीर्ण क्षेत्र आक्रसत जातें, आणि शेवटीं एकच रस्ता, एकच वेळ, एकच आंकडा एवढें शिल्लक राहतें.

याचा मनावर होणारा परिणाम अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधिका जॉर्डन एटकिन यांनीं प्रयोगांनीं तपासला, व २०१६ सालीं तो प्रसिद्ध केला. चालणें, चित्रांत रंग भरणें, वाचन करणें, अशा मुळांतच सुखाच्या गोष्टी त्यांनीं लोकांना करावयास दिल्या, आणि कांहींजणांपुढें त्यांच्या कामाचें मोजमाप ठेवलें. ज्यांच्यापुढें मोजमाप होतें त्यांच्या हातून काम अधिक झालें. परंतु त्यांना त्यांत आनंद कमी वाटला, आणि तीच गोष्ट पुढें आपण होऊन करीत राहण्याची प्रवृत्तिही मंदावली. खेळाला कामाचें रूप आलें, कीं हें होणारच. परीक्षेसाठीं पाठ केलेली कविता परीक्षेनंतर फारसें कोणी गुणगुणत नाहीं, हा अनुभव शाळांना जुनाच आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, मोजल्यावांचून प्रगति कशी होणार? मोठमोठे धावपटू तर सेकंदाच्या दशांशांचा हिशेब ठेवतात. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर धावपटूंच्याच इतिहासांत पाहावें हें बरें. फिनलंडचे पावो नुर्मी हातांत घड्याळ घेऊन धावत. १९२० ते १९२८ या काळांत त्यांनीं ऑलिंपिकमध्यें नऊ सुवर्णपदकें मिळविलीं. त्यांपैकीं पांच एकट्या १९२४ च्या पॅरिस येथील सामन्यांत. घड्याळानें नुर्मींचें भलें केलें, यांत शंका नाहीं. मात्र त्याच पॅरिसच्या मैदानावर शेवटची फेरी आली, तेव्हां त्यांनीं हातांतलें घड्याळ हिरवळीवर टाकून दिलें आणि मग ते धावले.

नुर्मींच्या देशाच्या शेजारीं स्वीडन आहे. तेथील प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत एक निराळीच पद्धत प्रचारांत आणली. तिचें नांव ‘फार्टलेक’. स्वीडिश भाषेंत ‘फार्ट’ म्हणजे वेग आणि ‘लेक’ म्हणजे खेळ. तेव्हां हा ‘वेगाचा खेळ’ झाला. धावपटूनें मैदानावरील आंखलेल्या चाकोरीऐवजीं अरण्यांतील मऊ पायवाटेवर जावें. मनाला येईल तेव्हां समोरच्या झाडापर्यंत जोरानें धावावें, मग संथ व्हावें. चढ लागला तर तो अंगांतील जोर पाहून चढावा. दम लागला तर चालावें, आणि पुन्हां हुशारी वाटली कीं वेग घ्यावा. किती अंतर धावावयाचें आणि मध्यें किती सेकंद विसावा घ्यावयाचा, याचें वेळापत्रक नाहीं. जमिनीचा उंचसखलपणा आणि शरीराची जाणीव हेच मार्गदर्शक.

हा पोरखेळ नव्हता. गुंडेर हेग आणि आर्ने अँडरसन हे दोन स्वीडिश धावपटू याच परंपरेंत तयार झाले, आणि १९४२ ते १९४५ या काळांत एक मैलाच्या शर्यतीचा जागतिक विक्रम त्यांनीं आळीपाळीनें खालीं आणला. १९२३ सालचा नुर्मींचा विक्रम ४ मिनिटें १०.४ सेकंदांचा होता. १९४५ सालीं हेग यांनीं मैल ४ मिनिटें १.४ सेकंदांत पुरा केला, आणि तो विक्रम नऊ वर्षें टिकला. विक्रम अर्थात् घड्याळानेंच ठरला. परंतु ज्या तयारीवर तो उभा होता, तिचा मोठा भाग अरण्यांत, घड्याळाकडे न पाहतां झालेला होता.

तो विक्रम ज्यांनीं चार मिनिटांच्या आंत आणला, त्या रॉजर बॅनिस्टर यांची हकीकत याहून बोधप्रद आहे. ते वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि मोजमापावर त्यांची श्रद्धा होती. पाव मैलाचें अंतर मध्यें थोडी विश्रांति घेऊन दहा वेळां धावावयाचें, असा त्यांचा सराव असे. १९५४ च्या वसंत ऋतूंत ही पाव मैलाची वेळ ६१ सेकंदांवर येऊन अडली. कितीही जोर केला तरी ती खालीं जाईना. तेव्हां ते आपले सोबती ख्रिस ब्रॅशर यांच्यासह सराव सोडून स्कॉटलंडला निघून गेले, आणि तेथें कांहीं दिवस धावण्याचें नांवही न घेतां डोंगरांतील कडे चढत राहिले. परत येऊन थोडी विश्रांति घेतली आणि पुन्हां धावून पाहिलें, तों वेळ ५९ सेकंद आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ६ मे १९५४ रोजीं, ऑक्सफर्ड येथें त्यांनीं मैलाची शर्यत ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत जिंकली. आंकडा जेथें अडून बसला होता, तेथें पालटानें आणि मोकळ्या मनानें वाट करून दिली.

हा पालट शरीराला का मानवतो, याचीं कारणें साधीं आहेत. एकाच कठीण रस्त्यावर एकाच चालीनें रोज गेलें, कीं त्याच सांध्यांवर, त्याच स्नायूंवर आणि हाडांच्या त्याच भागांवर तोच ताण पुन्हां पुन्हां पडतो. टाच, नडगी आणि गुडघे यांच्या पुष्कळ तक्रारी या पुनरावृत्तींतूनच उद्भवतात. व्यायाम बदलला, कीं ताण निरनिराळ्या अवयवांत वांटला जातो. चढणीवर हृदय आणि फुप्फुसें कामाला लागतात. उतरणीवर मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच शरीराचा भार तोलून धरतात. म्हणूनच गडावरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशीं मांड्या भरून येतात. पोहण्यांत पाणी शरीराचा भार उचलून धरतें, त्यामुळें सांध्यांना विसांवा मिळून खांदे व पाठ यांना काम मिळतें. खडबडीत पायवाटेवर घोट्याचे स्नायू आणि सांध्यांतील ज्ञानतंतू क्षणोक्षणीं तोल सांवरण्याचा अभ्यास करतात. साठीनंतर पडण्याचें भय वाढतें, तेव्हां हाच अभ्यास उपयोगी येतो. गुळगुळीत फरशीवर मोजलेलीं आठशें पावलें आणि टेकडीच्या वाटेवरचीं आठशें पावलें घड्याळाच्या लेखीं सारखींच आहेत; शरीराच्या लेखीं नाहींत.

अशा खेळकर व्यायामासाठीं स्वीडनच्या अरण्यांत किंवा स्कॉटलंडच्या कड्यांवर जावें लागतें, असें नाहीं. महाराष्ट्रांत ही वृत्ति परकी नाहीं. आळंदीहून पंढरपुरास जाणारी पायी वारी सुमारें २५० किलोमीटरांची असते. ती वाट चालणाऱ्यांत सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका असतात. वेगाचा विक्रम करण्यासाठीं कोणी निघालेलें नसतें. आणि ती नुसती चाल तरी कोठें असते? दिवेघाटाचा चढ लागतो. मुक्कामावर फुगड्या रंगतात. रिंगणांत अश्वामागून वारकरीही धांवतात. मग पुन्हां टाळमृदंगाच्या ठेक्यावर संथ पावलें पडूं लागतात. जोर आणि विसांवा यांची ही अदलाबदल होल्मेर यांनीं पाहिली असती, तर त्यांना ती खचित ओळखीची वाटली असती.

पुण्याच्या मंडळींचा सिंहगडही असाच. सुमारें १,३०० मीटर उंचीचा हा गड दर रविवारीं शेंकडों लोक आतकरवाडीच्या वाटेनें चढतात. अलीकडे किती मिनिटांत चढलों, ही त्यांच्यांत चढाओढ लागलेली दिसते. तरुणांनीं ती हौसेनें करावी. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु प्रत्येक रविवारीं गेल्या रविवारापेक्षां मिनिटभर कमी लागलेंच पाहिजे, असा हट्ट धरला, तर देवटाक्याचें थंड पाणी, मडक्यांतलें दही, पावसाळ्यांत दरींतून वर येणारें धुकें आणि सोबत्याच्या गप्पा, हें सारें अडथळ्यांच्या यादींत जाऊन बसतें. ज्या दिवशीं वेळ कमी होणें थांबेल, आणि वयोमानाप्रमाणें तो दिवस यावयाचाच, त्या दिवशीं अशा मनुष्यास गड चढण्याचें दुसरें कांहीं कारण उरत नाहीं. दह्यासाठीं व धुक्यासाठीं जाणारा मात्र सत्तरीपर्यंत जात राहतो.

मग किती करावें, हें न मोजतां कळावें कसें? त्यासाठीं शरीरानेंच एक सोपी कसोटी दिलेली आहे, आणि वैद्यकांतही ती मान्य आहे. चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, परंतु गाणें म्हणतां येऊं नये, एवढा दम लागला म्हणजे श्रम मध्यम झाले. आरामांत गातां येत असेल तर पावलें थोडीं उचलावींत. दोन शब्द बोलूनच धाप लागत असेल तर श्रम जोराचे झाले, असें समजून ज्याला ते झेपत नसतील त्यानें थोडें सबुरीनें घ्यावें. प्रमाण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेली सूचना पुरेशी आहे. प्रौढांनीं आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारें कांहीं करावें, आणि पासष्टीच्या पुढील मंडळींनीं किमान तीन दिवस तोल व ताकद यांच्या विविध व्यायामांवर भर द्यावा. सलग दहा मिनिटें केलें तरच तें व्यायामांत धरावें, ही पूर्वीची अटही आतां राहिलेली नाहीं. जिना चढणें, बागेंत कुदळ चालविणें, मुलांच्या मागें धांवणें, हें सर्व त्यांत धरावें.

जेथें मोजमाप अवश्य आहे, तेथें तें टाळूंही नये. हृदयविकाराच्या रोग्यास, शस्त्रक्रियेंतून उठणाऱ्यास किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्यास डॉक्टरांनीं जी मर्यादा घालून दिली असेल, ती त्यानें आंकड्यानिशीं पाळावी. चालतांना छातींत दडपण आलें किंवा चक्कर आली, तर घड्याळ कांहींही सांगो, तेथेंच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. शर्यतीची तयारी करणाऱ्यास वेळ मोजावीच लागेल. आणि ज्याला व्यायामाची सवयच नाहीं, त्याला आरंभींचे दोन-तीन महिने पावलांचा आंकडा चांगली काठी देतो. चालूं लागल्यावर काठीवरचा भार कमी करीत जावा, एवढेंच.

इतरांनीं घरांतल्या घरांत सहज पाळतां येईल असा शिरस्ता ठेवावा. आठवड्याचे दोन-तीन दिवस नेहमींचें चालणें असावें, पण रस्ता बदलून. एक दिवस टेकडी किंवा जिना. सोय असेल तेथें एक दिवस पोहणें, नाहीं तर सायकल. सुटीच्या दिवशीं मुलांबरोबर लगोऱ्या, लंगडी किंवा बॅडमिंटन खेळावें. त्यांत धांवणें, वांकणें, वळणें, उडी मारणें हें सर्व आपोआप येतें. उन्हाळ्यांत वेळ पहाटेची धरावी. पावसाळ्यांत निसरड्या वाटा सोडाव्यात, पाऊस सोडूं नये. घड्याळ असेल तर घरखर्चाच्या वहीप्रमाणें त्याचे आंकडे आठवड्यांतून एकदां पाहावे, आणि आठवड्यांतला निदान एक दिवस तें घरींच ठेवून बाहेर पडावें. परत आल्यावर घरांतल्यांनीं ‘किती झालीं?’ असें न विचारतां ‘काय पाहिलेंत?’ असें विचारावें. या एका प्रश्नाच्या बदलानें फिरून येणाऱ्याची नजर मनगटावरून उठून वाटेवर जाईल.

आरंभीं वर्णिलेल्या त्या गृहस्थांनींही आज रात्रीं घड्याळ काढून मेजाच्या खणांत ठेवावें आणि कोपऱ्यांत पेंगुळलेल्या नातवास जवळ घ्यावें. सकाळची टेकडी, सूर्योदय आणि भाजीची पिशवी यांची नोंद यंत्राच्या दप्तरीं नसली, तरी त्यांच्या पायांनीं आणि काळजानें ती केलेली आहे. आठशें पावलें उणीं राहिलीं तर उद्यां भरून निघतील. गोष्ट ऐकतां ऐकतां झोपीं जाण्याचें नातवाचें वय मात्र उद्यांसाठीं फार दिवस थांबणारें नाहीं.